कोपऱ्यावरची लाल पेटी

परवाचीच गोष्ट. संध्याकाळी भाजी आणायला म्हणून नातीला बरोबर घेऊन निघाले. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, वाण्याचं दुकान आणि रिक्षास्टँड यांच्या मधोमध, पोस्टाची लाल पेटी आहे. रस्ता खणून खणून ती जरा एका बाजूला कलली आहे. रंगाचे पोपडे निघालेत. कुणीतरी तिच्यावर क्लासची जाहिरात चिकटवली आहे. रोज जाता-येता दिसते, पण रोज दिसणाऱ्या वस्तूकडे आपण बघतो कुठे?

नातीनं मात्र बघितलं. नऊ वर्षांची आहे. तिनं माझा हात ओढला आणि विचारलं, "आजी, हा कचऱ्याचा डबा आहे का गं?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी पोटात कुठंतरी हललंही. म्हटलं, "अगं नाही, ही पत्रांची पेटी. इथं पत्र टाकायचं, मग ते मुंबईला, नागपूरला, कुठंही जातं." ती म्हणाली, "आणि परत कधी येतं?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या तिथं देता येईना. भाजी घेतली, मेथीची जुडी जुनी निघाली तरी भांडले नाही, आणि घरी आले. तुमच्याही घराजवळ अशी एखादी पेटी असेल. नाहीतर पारावरचा पिंपळ असेल, शाळेमागची बोळ असेल, सायकलचं दुकान असेल. तुम्ही त्यावरून रोज जात असाल आणि एखाद्याच दिवशी पाऊल अडखळत असेल. का अडखळलं ते मुलांना सांगता येत नाही, सुनेला सांगता येत नाही, आणि 'ह्यां'ना तर नाहीच नाही! म्हणूनच आज हे तुमच्याशी बोलायचं ठरवलं.

पेटीची जन्मकथा

आधी त्या पेटीविषयी थोडं सांगते, कारण तिची हकिगत मोठी गमतीची आहे. रस्त्यात उभी राहणारी पत्रपेटी इंग्रजांच्या राज्यात सुरू केली ती एका कादंबरीकारानं! अँथनी ट्रोलॉप हे त्याचं नाव. तो टपालखात्यात नोकरीला होता आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहायचा. त्याच्या सूचनेवरून १८५२ साली जर्सी बेटावर पहिल्या पेट्या बसल्या. पुढं १८६९ साली पुस्तकरूपानं आलेल्या त्याच्याच एका कादंबरीत एक करारी म्हातारी आहे. तिचा या रस्त्यातल्या लोखंडी खुंटांवर काडीचा विश्वास नाही. आपली पत्रं ती पोस्टातच धाडते. आपल्याच सूचनेची थट्टा करणारा असा साहेब विरळाच!

पुढं इंग्लंडात काही वर्षं या पेट्या हिरव्या होत्या. पण त्या नजरेत भरत नसत, माणसं जाऊन धडकत. म्हणून १८७४ पासून त्यांना लाल रंग देऊ लागले. तोच लाल रंग आपल्याकडंही अंगवळणी पडला.

आपल्याकडं १८५४ साली देशभर एकच टपालदर लागू झाला. पाव तोळ्याचं पत्र अर्ध्या आण्यात, मग ते शेजारच्या गावी जावो की थेट पेशावरला. १ जुलै १८७९ ला कार्ड आलं, पाव आण्याचं. आणि आपलं निळं आंतर्देशीय पत्र आलं स्वातंत्र्यानंतर, २ ऑक्टोबर १९५० रोजी.

आठवतात ना ही कार्डं? वर मधोमध 'श्री'. मग डावीकडून 'ती. बाबांस कृ. सा. न. वि. वि.' हळदीकुंकवाची बोटं लावलेलं कार्ड आलं की घरात आनंद. आणि कोपरा फाडलेलं कार्ड आलं की आईच्या हातातलं काम गळून पडायचं. ते कार्ड वाचून झालं की लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. तार आली तर वाचण्याआधीच रडारड! ही तारसुद्धा आता उरली नाही, जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

कार्ड सगळ्यांनी वाचायचं असं जणू ठरलेलंच होतं. पोस्टमन वाचायचा, शेजारचे वाचायचे, घरात तर मोठ्यानं वाचन व्हायचं. आंतर्देशीयाला तीन बाजूंनी डिंक असायचा खरा, पण आमच्या आळीतल्या एक सासूबाई सुनेला माहेरून आलेलं पत्र नळीसारखं गोल करून एका डोळ्यानं आत डोकवायच्या. त्यांना मधल्या चार ओळी दिसायच्या, आणि त्या चार ओळींवरून आठ दिवस बोलणी!

अशा काळात आम्ही तरुण होतो. आता सांगा, ज्या मुलीला मनातलं काही लिहायचं असेल तिनं कुठं जायचं? तिच्यासाठी एकच जागा होती, कोपऱ्यावरची लाल पेटी. आत पडलं की कुणाला दिसत नाही, आणि कुणी विचारतही नाही.

४१६४१६

माझं माहेर सांगलीचं. आयर्विन पुलापासून फार लांब नाही. आमच्या बोळाच्या तोंडाशी अशीच एक पेटी होती, भिंतीला टांगलेली. तिच्यावर पत्र्याची पट्टी असायची आणि पेटी कधी उघडणार त्याची वेळ त्यावर लिहिलेली असायची.

तो आमच्याच आळीत राहायचा. वडील हळदीच्या पेढीवर कारकून, घरात आई आणि दोन धाकट्या बहिणी. अभ्यासात हुशार. आम्ही कधी एकत्र हिंडलो नाही, सिनेमाला गेलो नाही. वाचनालयात पुस्तक बदलताना दोन शब्द, गणपतीच्या देवळात आरतीला गर्दीत एक नजर. तुम्ही म्हणाल, याला काय प्रेम म्हणायचं? पण त्या वयात, त्या गावात, तेवढ्यावर वर्षभराचं पोट भरायचं!

१९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढल्या, भरती निघाली. परीक्षा देऊन तो १९७३ मध्ये मुंबईला एका बँकेत लागला. गिरगावातल्या एका चाळीत सहाजणांत एक खोली घेतली. आणि पत्रं सुरू झाली.

माझ्या घरी पत्र येणं शक्यच नव्हतं. ती यायची माझ्या एका मैत्रिणीच्या पत्त्यावर, आणि पाठवणाऱ्याच्या जागी असायचं एका मुलीचं नाव. पोस्टमनकाकांना सगळं ठाऊक असावं. मैत्रिणीच्या दारात ते सायकलची घंटी एरवी एकदा वाजवत, पण ते निळं पत्र असलं की दोनदा. तोंडानं मात्र कधी अक्षर काढलं नाही त्यांनी. देव त्यांचं भलं करो.

पिनकोड तेव्हा नवा नवा होता. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेला. हा पिनकोड काढणारे गृहस्थ आपले मराठी, हे पुष्कळजणींना माहीत नसेल. श्रीराम भिकाजी वेलणकर, कोकणातल्या केळशीचे. दिल्लीला मोठ्या हुद्द्यावर, आणि शिवाय संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारे! आपल्या देशात एका नावाची गावं किती. नुसती वडगावंच बघा, वडगाव मावळ, वडगाव शेरी, पेठ वडगाव. त्यात अक्षर वाचता येईना, कुणाची लिपी कुणाला कळेना. म्हणून सहा आकड्यांची ही युक्ती. पहिला आकडा विभागाचा. आपल्या महाराष्ट्राचा आणि गोव्याचा ४. मुंबईत आधीपासून 'मुंबई ४', 'मुंबई २८' असे आकडे होतेच, त्यांचे सरळ ४००००४ आणि ४०००२८ झाले.

सांगलीचा पिन ४१६४१६. विसरायचा म्हटला तरी विसरता येत नाही. तो पत्रात लिहायचा, "तुझ्या गावाचा आकडासुद्धा तुझ्यासारखाच आहे, एकच गोष्ट दोनदा सांगतो." बाकी त्या पत्रांत फार काही नसायचं हो! लोकलची गर्दी, खानावळीतलं वरण, पहाटे चारला येणारं नळाचं पाणी. पण ती पत्रं मी इतक्यांदा वाचली की घड्यांवर कागद विरला.

मे १९७४

मग आला १९७४ चा मे महिना. माझं वय वीस. पुण्याचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा सरकारी नोकरीत, घरचं ठीक, हुंड्याची अट नाही. बघण्याचा कार्यक्रम झाला, पसंती आली. बाबांनी मला विचारलं, हे त्यांचं मोठेपण. त्या काळी विचारत कुठं होते? मी म्हटलं, "आठ दिवसांनी सांगते." बाबांना नवल वाटलं असेल, पण गप्प राहिले.

त्या रात्री दिवा बारीक करून मी पत्र लिहिलं. सगळं स्पष्ट लिहिलं. स्थळ आलंय, आठ दिवस आहेत, काय ते एकदा कळव. हो म्हणालास तर मी बाबांशी बोलेन, पुढं काय व्हायचं ते होईल. दुसऱ्या दिवशी, मंगळवार ७ मे, दुपारी चारच्या आत मी ते पत्र बोळाच्या तोंडाशी नेऊन टाकलं. आत पडल्याचा आवाज आला. हात घालून बघितला, हात आत जात नाही. या पेट्यांची तोंडं मुद्दाम तशीच केलेली असतात.

आणि ८ मेपासून देशभर रेल्वेचा संप सुरू झाला.

तुमच्यापैकी ज्या माझ्या वयाच्या आहेत त्यांना तो संप आठवत असेल. लाखो कामगार संपावर, वीस दिवस गाड्यांचं वेळापत्रक कोलमडलेलं. तेव्हा टपाल बहुतेक रेल्वेनंच जायचं. रात्रीच्या गाडीला टपालाचा खास डबा असे, धावत्या डब्यात उभं राहून माणसं पत्रं निवडत. आमच्याकडची पत्रं मिरज जंक्शनवरून जात. गाड्याच नाहीत तर पत्रं कुठली? काही एस.टी.नं गेली असतील, काही पोत्यांत पडून राहिली असतील. माझं कशात होतं, देव जाणे.

आठ दिवस गेले. बाबांनी विचारलं. मी आणखी तीन दिवस मागून घेतले. रोज दुपारी मैत्रिणीकडं जायची, कोपऱ्यावर घंटी वाजते का ऐकायची. एकदाही दोनदा वाजली नाही. अकराव्या दिवशी मी बाबांना 'हो' म्हणून सांगितलं. १९ मेला, रविवारी, साखरपुडा झाला.

२७ मेला संप मिटला. जूनच्या पहिल्याच आठवड्यात घंटी दोनदा वाजली. मैत्रिणीनं निळं पत्र माझ्या हातात ठेवलं आणि मुकाट्यानं आत निघून गेली.

मी ते उघडलं नाही. उघडून करणार काय होते? 'हो' असेल तर काय, 'नाही' असेल तर काय! बोटात अंगठी होती. बाबांचा शब्द गेला होता. मी ते पत्र तसंच इतर पत्रांबरोबर बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात ठेवलं. त्याच महिन्यात मैत्रीण लग्न होऊन कर्नाटकात गेली, तिचा पत्ता बंद झाला. त्यानंतर त्याचं काही आलं असलं तरी ते मला मिळालं नाही. डिसेंबरात माझं लग्न झालं, आणि ट्रंकेच्या तळाशी, साड्यांच्या खाली, तो डबा माझ्याबरोबर पुण्याला आला.

डबा

बायांनो, मी संसार नीट केला. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की ही जन्मभर झुरत बसली. मुळीच नाही. दोन मुलं झाली, सासूबाईंचं दुखणं काढलं, ह्यांच्या तीन बदल्या झाल्या, पापड-कुरडया, शाळा, परीक्षा, कर्जाचे हप्ते. वर्षवर्ष त्या डब्याची आठवणही होत नसे.

पण खरं सांगू? काही दिवस असे यायचे. सासूबाई चारचौघांत काहीतरी बोलून जायच्या, किंवा ह्यांच्याशी जोराचं वाजायचं, तेव्हा भांडी घासता घासता मनात यायचं, त्या पत्रात नक्की लिहिलं असेल, 'थांब, मी येतो.' आणि एखाद्या चांगल्या दिवशी, मुलाचा नंबर आला, ह्यांनी न सांगता गजरा आणला, की वाटायचं, त्यात लिहिलं असेल, 'माझी वाट पाहू नकोस.' बंद पत्राची ही गंमत असते. त्या दिवशी जे हवं तेच ते म्हणतं.

१९८३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही तेव्हा पेठेतल्या एका जुन्या वाड्यात राहत होतो. भिंतींना ओल यायची. मी बाळंतपणाला माहेरी गेले होते. परत आले तेव्हा ट्रंक जागेवर नव्हती, वर फळीवर चढवलेली होती. माझ्या छातीत धस्स झालं. रात्री हे म्हणाले, "ट्रंकेला खालून ओल लागत होती. साड्या उन्हात घातल्या. एक डबा होता तुझा, तो पुसून वर कोरड्यात ठेवलाय." एवढंच. नंतर मी डबा बघितला. वरची सुतळी मी बांधली होती तशीच, माझ्याच गाठीची. त्यांनी ती सोडली नव्हती.

त्या रात्री मी खूप वेळ जागी होते. उघडायला हरकत काय होती त्यांना? नवऱ्याचा हक्क म्हणून कुणी विचारलंही नसतं. त्यांनी उघडला नाही. मला वाटतं, मी ह्यांची खऱ्या अर्थानं झाले ती त्या दिवशी.

शिक्का

तर परवा नातीनं विचारलं, "आणि परत कधी येतं?" घरी आले, भाजी निवडली, सगळे झोपल्यावर डबा काढला. मैत्रिणींनो, पन्नास वर्षांनंतर मी ते पत्र उघडलं. डोक्यातला आकडा काढून, आम्ही तेव्हा उघडायचो तसंच, कडेनं हळूच.

आत लिहिलं होतं की खोलीचं भाडं वाढलंय. एकजण गावी परत गेला म्हणून आता पाचजणांत वाटणी करावी लागते. आईचा चष्मा फुटल्याचं कळलं, जमलं तर तिच्याकडं जाऊन ये. आणि शेवटी, "आठ तारखेपासून गाड्या बंद होणार म्हणतात. त्याआधी हे तुला मिळावं. उत्तर लवकर पाठव."

वरची तारीख ५ मे १९७४.

मी पत्र उलटं केलं. पोस्टाचा शिक्का पत्त्याच्या बाजूलाच होता. मुंबई, ६ मे. फिक्कट, पण वाचता येण्यासारखा. माझं पत्र मी टाकलं ७ मेला. म्हणजे हे पत्र माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतंच! दोन पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली होती. शिक्का पन्नास वर्षं वरच होता. डबा न उघडणाऱ्याचं मी कौतुक करते, आणि स्वतः पत्राची वरची बाजूदेखील धड बघितली नाही!

माझं पत्र त्याला मिळालं का? मिळून त्यानं उत्तर दिलं नाही, की दिलं आणि बंद पत्त्यावर जाऊन पडलं? आता कळायचा मार्ग नाही. मी आधी हसले, मग थोडी रडलेही. ज्या पत्रावर मी इतकी वर्षं माझे चांगले-वाईट दिवस टांगले, त्यात एका फुटलेल्या चष्म्याची चौकशी होती. आणि खरं दुखलं ते तिथंच. त्याच्या आईचा चष्मा! मी पत्र उघडलं असतं तर चार घरं ओलांडून जाऊन आले असते. माझ्या लग्नाशी त्याचा काय संबंध होता? पण मी 'उत्तर' समजून ते बंद ठेवलं, आणि एक साधं काम राहून गेलं.

तुमच्याही ट्रंकेत असेल काही

आता थोडं तुमच्याविषयी. पुष्कळजणींच्या घरी असा एखादा डबा असतो. त्यात पत्रं असतील, एखादं फूल असेल, रुमाल असेल. 'हे ठेवणं पाप आहे का?' असं मनात येतं. माझ्या मते नाही. ज्या मुलीला ती पत्रं आली ती मुलगी तुम्हीच होता, तिला घराबाहेर काढायचं कारण नाही. पण त्या डब्याला संसाराशी तोलू मात्र नका. डब्यातला माणूस कधी आजारी पडत नाही, त्याची बदली होत नाही, तो घोरत नाही. त्याच्याशी तुलना केली तर कुठला नवरा टिकेल?

नवऱ्याला सांगावं का? घरोघरी माणसं वेगळी, तेव्हा एकच औषध सगळ्यांना सांगता येणार नाही. फक्त भांडणात, तोंडावर फेकायला म्हणून, कधी सांगू नका.

आणि दुसरी एक गोष्ट, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आज आपल्या मुलींचे डबे त्यांच्या हातात असतात, चकचकीत काचेचे. ती अंघोळीला गेली की उचलून बघावासा वाटतो ना? काळजीपोटीच वाटतो. काही धोक्याचं दिसत असेल तर जरूर समोर बसवून विचारा, पोरीच्या जिवापेक्षा मोठं काही नाही. पण नुसत्या उत्सुकतेनं त्या पत्राची नळी करून आत डोकावू नका. सुतळीची गाठ तशीच ठेवणारं माणूस घरात असलं की मुलगी आपणहून बोलते, हा माझा अनुभव आहे.

ज्यांना जुनी पत्रं जपायची आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी. टाचण्या आणि लोखंडी क्लिपा आधी काढून टाका, गंजाचे डाग जात नाहीत. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशनच्या फंदात पडू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळा. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे आणि लवंगा वेगळ्या पुरचुंडीत बांधून डब्यात ठेवा, कागदाला लागू देऊ नका. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यात उघडू नका. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत वर्षातून एकदा सावलीत पसरून ठेवा. कडक उन्हात घातलीत तर शाई उडेल.

पेटी अजून आहे

ही पेटी किती दिवस राहील कुणास ठाऊक. डेन्मार्क देशात २०२५ च्या अखेरीला तिथल्या जुन्या टपालसेवेनं पत्रं वाटणंच थांबवलं आणि देशभरातल्या सुमारे १५०० लाल पेट्या उचलल्या. आपल्याकडं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळून टाकलं. पण आमच्या कोपऱ्यावरची पेटी उघडायला माणूस अजून येतो. मी मुद्दाम थांबून पाहिलं. किल्लीनं दार उघडतो, आत चिकटवलेल्या पट्ट्यांवर मोबाईल धरतो, टूं आवाज येतो, की पेटी उघडल्याची नोंद होते. त्या दिवशी आत तीन पाकिटं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी ह्यांना सगळं सांगितलं. साखरपुड्याआधीचं, पेटीचं, संपाचं, शिक्क्याचं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. हे ऐकत होते. वर्तमानपत्राची घडी केली, चष्मा काढला. मला वाटलं, आता काय विचारतील!

म्हणाले, "त्र्याऐंशी साली ओल लागली होती. आत अक्षरं पुसली नव्हती ना?"

म्हटलं, "नाही. सगळं वाचता आलं."

"मग बरं झालं," म्हणाले, आणि दुसरा कप मागितला.

दुपारी नातीला घेऊन पोस्टात गेले. कार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं. तिच्याकडून तिच्याच नावानं एक लिहून घेतलं, पिनकोडसकट, आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायला लावलं. आत पडल्याचा आवाज ऐकायला ती कान लावून उभी राहिली. मग मी घरी येऊन आणखी एक कार्ड लिहिलं, कर्नाटकातल्या त्या मैत्रिणीला. तिची नात अमेरिकेत असते आणि ती स्वतः दिवसभर फोनवर असते, हे मला माहीत आहे. तरी कार्डच लिहिलं. सगळ्यांनी वाचलं तरी चालेल असंच लिहिलं.

नातीचं कार्ड चौथ्या दिवशी आलं. घंटी वाजली, एकदाच.